हेवीवेट बॉक्सिंग: विजेता पुढे कोणाशी लढणार आणि रीमॅच का रखडते, हे कसे ओळखावे

महाराष्ट्र केसरीत मल्लाला आपली जोड निवडता येत नाही. गटात समोर जो येईल त्याच्याशी उतरावे लागते. व्यावसायिक हेवीवेट बॉक्सिंगला असा गट नाही, हंगाम नाही, वर्षाचे वेळापत्रकही नाही. जगज्जेत्याची प्रत्येक लढत सुटी ठरते. तिच्यामागे चार संघटनांचे नियम असतात, दोन प्रमोटर (लढत भरवणारे आयोजक) असतात, पैसा ओतणारे यजमान असतात आणि बहुधा जुन्या करारातले एखादे कलमही असते. नव्या प्रेक्षकाला मात्र समाजमाध्यमांवरच्या शिवीगाळीपलीकडे काही दिसत नाही. कोण कोणाला घाबरला, हा प्रश्न आधी बाजूला ठेवा आणि कोण कोणाचे देणे लागतो ते पाहा. त्यासाठी एक वही घाला. काय टिपायचे ते खाली क्रमाने दिले आहे.

पायरी १: चार पट्टे, चार रकाने

हेवीवेट म्हणजे २०० पौंडांच्या (साधारण ९०.७ किलोंच्या) वरचा गट. वरची मर्यादा नाही. हलक्या गटातल्या विजेत्याला आव्हानवीर नकोसा वाटला तर तो वजन वाढवून वरच्या गटात निघून जाऊ शकतो. हेवीवेटला वर जागाच नाही. त्यामुळे त्याला टाळायचेच असेल तर दोन वाटा उरतात: समोरच्याला पैसे देऊन थांबवणे किंवा पट्टा, म्हणजे जगज्जेतेपदाचा किताब, सोडणे.

जगज्जेतेपद देणाऱ्या मोठ्या संघटना चार आहेत. डब्ल्यूबीए सर्वांत जुनी, १९२१ ची (आताचे नाव १९६२ पासून). तिच्यानंतर डब्ल्यूबीसी (१९६३), आयबीएफ (१९८३) आणि डब्ल्यूबीओ (१९८८) आल्या. चारही पट्टे एकाकडे असतील तर तो निर्विवाद जगज्जेता. वहीत प्रत्येक संघटनेला वेगळा रकाना द्या, एकच बॉक्सर चारही ठिकाणी असला तरी. बातमीत 'जगज्जेता' हा शब्द आला की आधी पट्टा कोणता ते शोधा, कारण डब्ल्यूबीएकडे एकाच वेळी 'सुपर' आणि 'रेग्युलर' असे दोन विजेते असू शकतात. 'अंतरिम' पट्टा म्हणजे खरा विजेता जायबंदी असताना किंवा दुसरीकडे अडकलेला असताना रांगेतल्या पहिल्या माणसाला दिलेले टोकन. या टोकनाला कमी लेखू नका. विजेत्याने पट्टा सोडला की बहुतेक वेळा त्याचाच पूर्ण किताब होतो.

पायरी २: क्रमवारी आणि पहिले नाव

प्रत्येक संघटना आपापली क्रमवारी जाहीर करते. त्यात दोनच गोष्टी पाहायच्या. पहिल्या क्रमांकावर कोण आहे, आणि त्याला 'सक्तीचा आव्हानवीर' (ज्याच्याशी विजेत्याला लढावेच लागते) ठरवले आहे का. या दोन गोष्टी एक नव्हेत. आयबीएफच्या यादीत पहिला, दुसरा किंवा दोन्ही क्रमांक कित्येकदा रिकामे दिसतात. तो छपाईचा दोष नसतो. त्या जागा पात्रता लढत जिंकूनच मिळवायच्या असतात. अशी पात्रता लढत जाहीर झाली की दोन्ही नावे आणि तारीख टिपून ठेवा. पुढच्या वर्षी विजेत्याच्या दारात उभा राहणारा माणूस बहुधा त्यांतलाच एक असतो.

पायरी ३: सक्तीची लढत की मर्जीची

मर्जीच्या लढतीत विजेता समोरचा स्वतः निवडतो. साधारण अट एवढीच की तो त्या संघटनेच्या पहिल्या पंधरांत असावा. इथे त्याची माणसे काय पाहतात? तिकिटे खपतील का, समोरच्याचा प्रमोटर आणि प्रक्षेपक आपल्याच गोटातला आहे का, तो डावखुरा आहे का (पुढची लढत डावखुऱ्याशी असेल तर सराव म्हणून डावखुरा हवाच असतो), आणि धोका किती. डब्ल्यूबीसीचा तेव्हाचा विजेता टायसन फ्युरीने ३ डिसेंबर २०२२ रोजी डेरेक चिसोराला तिसऱ्यांदा संधी दिली, आधीच्या दोन्ही लढती (२०११ आणि २०१४) स्वतः जिंकलेल्या असताना. मर्जीची लढत याहून स्पष्ट दाखवता येणार नाही. नियम मोडला असे नाही. पण त्या तारखेला रांगेतल्या माणसाचे काही महिने गेले, हेही खरे.

सक्तीच्या लढतीत निवड नसते. संघटनेनुसार साधारण ९ ते १२ महिन्यांत एकदा सक्तीच्या आव्हानवीराशी लढावे लागते. एकापेक्षा जास्त पट्टे असतील तर संघटना आपसांत पाळी लावतात.

आता हिशेब करा. पट्टे चार, म्हणजे कागदोपत्री वर्षाला जवळपास चार सक्तीच्या लढती. वरच्या पातळीवरचा हेवीवेट वर्षाला लढतो मात्र एक किंवा दोनदा. तयारीचे शिबिरच ८ ते १२ आठवडे चालते, वर जखमा भरायच्या असतात. पाळी लावूनही हा हिशेब जुळत नाही, आणि त्यात रीमॅच (त्याच दोघांची पुन्हा लढत) आली तर एखादा पट्टा हमखास गळतो. निर्विवाद जगज्जेते टिकत नाहीत यामागे भित्रेपणा कमी आणि हा साधा गुणाकार जास्त आहे.

दोन उदाहरणे नीट समजून घ्या, बाकीची आपोआप कळतील.

फ्युरीने २८ नोव्हेंबर २०१५ रोजी ड्यूसेलडॉर्फमध्ये तेव्हाचा जगज्जेता व्लादिमिर क्लिचकोला हरवले. करारात क्लिचकोला रीमॅचचा हक्क होता. आयबीएफच्या रांगेत व्याचेस्लाव ग्लाझ्कोव्ह उभा होता. फ्युरी रीमॅचला बांधलेला, म्हणून ग्लाझ्कोव्हशी लढू शकत नव्हता. दोन आठवडेही झाले नव्हते तोवर आयबीएफने पट्टा काढून घेतला. जानेवारी २०१६ मध्ये त्या रिकाम्या पट्ट्यासाठी ग्लाझ्कोव्ह चार्ल्स मार्टिनशी लढला, लढतीत त्याचा गुडघा गेला आणि पट्टा मार्टिनकडे आला. एप्रिलमध्ये अँथनी जोशुआने मार्टिनला दुसऱ्याच फेरीत संपवले. जोशुआची जगज्जेतेपदाची कारकीर्द उभी राहिली ती अशी, दुसऱ्याच दोघांच्या करारातल्या एका कलमामुळे. आणि ज्या रीमॅचसाठी हे सगळे झाले ती झालीच नाही. ९ जुलै २०१६ ची मँचेस्टरची तारीख फ्युरीचा घोटा मुरगळल्याने गेली, २९ ऑक्टोबरची त्याच्या प्रकृतीमुळे, आणि अखेर त्याने उरलेले पट्टेही सोडले.

दुसरे उदाहरण ओलेक्झांडर उसिकचे. १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये त्याने फ्युरीला हरवले आणि हेवीवेटमध्ये चारही पट्टे एकत्र आणणारा तो पहिला ठरला. त्याआधीचा निर्विवाद विजेता लेनॉक्स लुइस होता, १९९९ चा, आणि तेव्हाची मोजणी तीन पट्ट्यांची. फ्युरीला रीमॅच देणे उसिकला बंधनकारक होते. तिकडे आयबीएफची पाळी आलेली. १ जून २०२४ रोजी डॅनियल डुब्वाने फिलिप हर्गोविचला हरवून आयबीएफचा अंतरिम पट्टा घेतला होता. जून सरता सरता उसिकने आयबीएफचा पट्टा सोडला आणि डुब्वा पूर्ण विजेता झाला. चार पट्ट्यांची एकजूट दीड महिनाही टिकली नाही. उसिकने २१ डिसेंबर २०२४ ची रीमॅच जिंकली, मग १९ जुलै २०२५ रोजी वेम्ब्लीवर डुब्वाला पाचव्या फेरीत पाडून तो पट्टा परत मिळवला. ती लढतही रीमॅचच होती. पहिली २०२३ मध्ये व्रोत्सवाफला झाली होती.

बातमीत 'पट्टा सोडला' वाचले की लगेच 'पळाला' म्हणू नका. वहीचा रकाना उघडा. त्या महिन्यात त्याच्यावर आणखी कोणते बंधन होते ते पाहा. बंधन नसेल आणि सक्तीचा आव्हानवीर तगडा असेल, तर मात्र म्हणायला हरकत नाही. डिसेंबर १९९२ मध्ये रिडिक बोने लुइसशी लढण्याऐवजी डब्ल्यूबीसीचा पट्टा लंडनमध्ये चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला, त्याला दुसरे नाव देता येत नाही.

पैसे देऊन थांबवण्याचा मार्गही ध्यानात असू द्या. १९९६ मध्ये माइक टायसन डब्ल्यूबीसीचा विजेता होता आणि लुइस त्याचा सक्तीचा आव्हानवीर. टायसनला आधी ब्रूस सेल्डनशी लढायचे होते. लुइसने ४० लाख डॉलर घेऊन वाट मोकळी केली. टायसनने सेल्डनला हरवले आणि नंतर डब्ल्यूबीसीचा पट्टाच सोडून दिला. लुइसला पैसे मिळाले, फेब्रुवारी १९९७ मध्ये ऑलिव्हर मॅकॉलविरुद्ध तो रिकामा पट्टाही मिळाला. टायसन समोर आला तो थेट २००२ मध्ये. थांबण्याचे पैसे घेणाऱ्या आव्हानवीराने हे आधीच धरून चालावे.

न थांबता मध्ये दुसऱ्याशी लढणेही जोखमीचे. डिलियन व्हाइट डब्ल्यूबीसीच्या संधीची वर्षानुवर्षे वाट पाहत होता. ऑगस्ट २०२० मध्ये मधल्या लढतीत अलेक्झांडर पोवेत्किनने त्याला पाचव्या फेरीत एका ठोशात झोपवले. रीमॅच कोविडमुळे लांबली, ती त्याने मार्च २०२१ मध्ये जिब्राल्टरला जिंकली आणि रांगेत पुन्हा उभा राहिला. रिकामे बसावे तर अंग गंजते, कमाई थांबते. लढावे तर जागा जाऊ शकते. रांगेतल्या माणसाची ही कोंडी विजेत्याच्या बाजूने बोलणारे फार क्वचित सांगतात.

पायरी ४: वाटाघाटी फिसकटल्या तर बोली

सक्तीची लढत जाहीर झाली की संघटना दोन्ही बाजूंना वाटाघाटींसाठी मुदत देते, सहसा ३० दिवसांच्या आसपास. एकमत झाले नाही तर बंद पाकिटातल्या बोली मागवतात. जास्त बोली लावणारा प्रमोटर लढत भरवतो. रक्कम कशी वाटायची हे संघटना ठरवते.

व्हाइटला अखेर फ्युरी मिळाला तो याच मार्गाने. जानेवारी २०२२ मध्ये फ्रँक वॉरनच्या क्वीन्सबेरीने ४ कोटी १० लाख २५ हजार डॉलरची बोली लावली, एडी हर्नच्या मॅचरूमने ३ कोटी २२ लाख २२ हजार २२२ डॉलरची. डब्ल्यूबीसीने वाटणी ठरवली ८०–२०. आधी एकूण रकमेतले १० टक्के, म्हणजे ४१ लाख २ हजार ५०० डॉलर, जिंकणाऱ्यासाठी बाजूला. उरलेल्यातून फ्युरीला २ कोटी ९५ लाख ३८ हजार, व्हाइटला ७३ लाख ८४ हजार ५००. २३ एप्रिल २०२२ रोजी वेम्ब्लीवर फ्युरीने सहाव्या फेरीत लढत संपवली आणि बाजूला ठेवलेली रक्कमही त्याचीच झाली.

नवखे इथे हमखास चुकतात: मोठी बोली लावणारा प्रमोटर ज्याच्या बाजूचा, त्याला वाटा जास्त, असे समजतात. वाटणी बोलीच्या आधीच ठरलेली असते. मोठ्या बोलीने रक्कम दोघांचीही वाढते. प्रमोटरला मिळते ते ठिकाण, तारीख आणि प्रक्षेपण ठरवण्याचे बळ. मिळालेल्या रकमेतून संघटनेचे शुल्कही जाते, साधारण ३ टक्क्यांच्या आसपास, मोठ्या लढतीला वरची मर्यादा लावून. चार पट्टे पणाला असतील तर चार ठिकाणी शुल्क. एखादा पट्टा सोडताना हा खर्चही कोणीतरी मोजलेला असतो.

पायरी ५: रीमॅचचे कलम वाचणे

पूर्ण करार आपल्यासमोर येत नाही, पण पत्रकार परिषदा, न्यायालयीन निकाल आणि प्रमोटरांच्या मुलाखती यांतून पाच गोष्टी कळतात. त्याच टिपा. हक्क एकालाच आहे की दोघांनाही. हक्क वापरणार हे किती दिवसांत कळवायचे. लढत किती महिन्यांत व्हायला हवी. दुसऱ्या वेळी वाटणी कशी बदलते. आणि मधल्या काळात दुसऱ्याशी लढायची मोकळीक आहे का.

एकतर्फी हक्क सहसा विजेत्याला असतो, विम्यासारखा. जून २०१९ च्या न्यूयॉर्कमधल्या लढतीआधी जोशुआचा मूळचा प्रतिस्पर्धी जॅरेल मिलर उत्तेजक चाचणीत अडकला, ऐन वेळी अँडी रुइझ आला आणि सातव्या फेरीत जोशुआचे पट्टे घेऊन गेला. जोशुआने कलम वापरले. सहा महिन्यांनी, ७ डिसेंबरला, सौदी अरेबियातल्या दिरिया इथे रीमॅच झाली. रुइझ पहिल्या वेळी २६८ पौंडांचा होता, दुसऱ्या वेळी २८३.७ पौंडांचा. जोशुआने अंतर राखून बारा फेऱ्या गुणांवर जिंकल्या. म्हणून वजनमापाचे आकडे दोन्ही लढतींचे शेजारी शेजारी लिहा. हेवीवेटमध्ये वजन चुकले म्हणून लढत रद्द होत नाही, पण तयारी कशी झाली ते त्या आकड्यात दिसते.

कलम असूनही नवा विजेता टाळाटाळ करू शकतो. एप्रिल २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हासिम रहमानने लुइसला पाचव्या फेरीत पाडले आणि नंतर दुसरीकडे वळू पाहिले. लुइस न्यायालयात गेला, निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि १७ नोव्हेंबरला त्याने रहमानला चौथ्या फेरीत झोपवले. उलट टोक बस्टर डग्लसचे. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत त्याने टायसनला हरवले, पण पुढची लढत ऑक्टोबरमध्ये इव्हँडर होलिफील्डशी केली. टायसनशी दुसरी लढत कधीच झाली नाही.

संघटनांनाही थेट रीमॅच नेहमी आवडत नाही, आणि हे जुने आहे. मुहम्मद अलीने सनी लिस्टनशी रीमॅचचा करार केला म्हणून डब्ल्यूबीएने १९६४ मध्ये त्याचा किताब काढला. १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने अलीला हरवले आणि केन नॉर्टनऐवजी अलीलाच रीमॅच द्यायचे ठरवले. डब्ल्यूबीसीने स्पिंक्सचा किताब काढून नॉर्टनला दिला. कारणाची बाजू दोन्हीकडे आहे. रांगेतल्या माणसाला डावलून दोघांनीच पट्टा आपसांत फिरवत ठेवणे अन्याय आहे. पण संशयास्पद निकालानंतर हरलेल्याला दुसरी संधी न मिळणेही अन्यायच.

पायरी ६: लांबणीचे कारण तपासा

इथे एकच लढत बारकाईने पाहू: फ्युरी–वाइल्डर तिसरी. पहिली लढत १ डिसेंबर २०१८ रोजी बरोबरीत सुटली, दुसरी २२ फेब्रुवारी २०२० रोजी फ्युरीने सातव्या फेरीत जिंकली. डिऑन्टे वाइल्डरने कलम वापरले. तिसरी लढत जुलै २०२० मध्ये धरली होती. महासाथ आली, तारीख पुढे गेली, पुन्हा गेली. मग फ्युरीच्या बाजूने भूमिका घेतली की कलमाची मुदत संपली. जोशुआशी बोलणी सुरू झाली आणि १६ मे २०२१ रोजी फ्युरीने १४ ऑगस्टला सौदीत लढत होणार असे सांगूनही टाकले. दुसऱ्याच दिवशी लवादाचा निर्णय आला: फ्युरीने १५ सप्टेंबरच्या आत वाइल्डरशी लढले पाहिजे. जोशुआची लढत कोसळली. २४ जुलै ठरली, पण फ्युरीला कोविड झाला. अखेर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी लास वेगासमध्ये, दुसऱ्या लढतीनंतर जवळपास वीस महिन्यांनी, फ्युरीने अकराव्या फेरीत वाइल्डरला पाडले.

यात लांबणीची तीन वेगळी कारणे एकामागोमाग आली: बाहेरची आपत्ती, कराराच्या मुदतीवरचा वाद, आजार. तुम्हीही प्रत्येक नवी तारीख खोडून वर दुसरी लिहू नका. ओळ वाढवा आणि शेजारी कारण लिहा. दोनदा दुखापत असेल तर लढत सहसा होते. 'तारीख लवकरच कळवू' एवढेच असेल, तर दोन्ही बाजू दुसऱ्या कोणाशी बोलत आहेत का ते शोधा.

दुखापतीची लांबण मोजता येते. २ फेब्रुवारी २०२४ रोजी सरावात फ्युरीच्या उजव्या डोळ्यावर चीर गेली, १७ फेब्रुवारीची उसिकशी लढत थेट १८ मेला गेली. जखमेपासून पंधरा आठवडे खूप वाटतात, पण टाके निघाल्यावर लगेच ठोसे घेता येत नाहीत, आणि चीर भरली की शिबिर पुन्हा पहिल्यापासून. अलीला नोव्हेंबर १९६४ मध्ये हर्नियाची शस्त्रक्रिया करावी लागली तेव्हा लिस्टनशी रीमॅच मे १९६५ पर्यंत गेली, बोस्टनहून मेन राज्यातल्या लुइस्टनला. कारणे कधी खेळाबाहेरचीही असतात. उसिकने जोशुआला २५ सप्टेंबर २०२१ रोजी हरवले, मग युक्रेनवर आक्रमण झाले आणि तो कीव्हच्या प्रादेशिक संरक्षण दलात दाखल झाला. रीमॅच २० ऑगस्ट २०२२ रोजी जेद्दाला झाली.

पैशावरून तुटलेली बोलणी मात्र वरून कधीच पैशाची दिसत नाहीत. फ्युरी–उसिक पहिल्यांदा २९ एप्रिल २०२३ ला वेम्ब्लीवर व्हायची होती. फ्युरीने ७०–३० मागितले, उसिकने कबूल केले आणि १० लाख पौंड युक्रेनला द्यावेत अशी अट घातली. तरी मार्चमध्ये बोलणी मोडली, रीमॅचच्या अटींवर. वाटणी ठरली म्हणजे लढत ठरली, असे मानू नका.

पायरी ७: तारीख पक्की कधी धरावी

क्रमाने चार खुणा: दोघांच्या सह्या झाल्याची घोषणा, ठिकाणासह तारीख, तिकीटविक्री, आणि स्थानिक बॉक्सिंग मंडळ व पट्ट्याची संघटना यांची मंजुरी. पहिल्या दोन असतील तर पेन्सिलीने लिहा, चारही असतील तर पेनाने. त्यानंतरही उत्तेजक चाचणीचा निकाल येईपर्यंत बदली खेळाडूचे नाव डोळ्यांसमोर असू द्या.

भारतातून पाहताना तारीख एक दिवस पुढची धरायची. रियाधची मुख्य लढत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे तीनच्या पुढे लागते, लंडनची उन्हाळ्यात रात्री अडीचच्या सुमारास, आणि लास वेगासची रविवारी सकाळी नऊनंतर. आधीच्या लढती झटपट संपल्या तर वेळ अलीकडे सरकते, म्हणून गजर अर्धा तास आधीचा लावा.